नेपच्यून एकच, माती निराळी: डर्बी पोर्सेलिन आणि स्टॅफर्डशर पर्लवेअर

मराठीत ‘चिनी माती’ हा शब्द आपण फार सढळपणे वापरतो. लोणच्याची जाड बरणी आणि उजेडासमोर धरल्यावर पलीकडच्या बोटांची सावली दाखवणारा नाजूक कप, दोन्ही आपल्या लेखी चिनी मातीचेच. घरात या सैलपणाने काही बिघडत नाही, परंतु जुन्या इंग्लिश देवमूर्ती जमवणाऱ्याला हीच सवय महागात पडू शकते. नेपच्यून म्हणजे रोमनांचा त्रिशूळधारी समुद्रदेव. इंग्लंडमधल्या डर्बी शहराच्या पोर्सेलिनमधला (उजेड झिरपू देणाऱ्या नाजूक चिनी मातीतला) नेपच्यून आणि स्टॅफर्डशर परगण्याच्या पर्लवेअरमधला (उजेड अडवणाऱ्या साध्या पांढऱ्या मातीतला) नेपच्यून शेजारी ठेवले, तर दाढी, मुकुट, अंगाभोवतीचे वस्त्र, पायाशी डॉल्फिन, सारे दोघांकडे सापडते आणि नवखा संग्राहक या खुणांवरूनच मूर्ती कुठली ते ठरवू लागतो. हा मार्ग फसवा आहे. त्या काळी एकाचा नमुना दुसरा सर्रास उचलत असे, आणि प्लास्टरच्या प्रतिकृती तर उघड विकत मिळत. प्रसिद्ध शिल्पकार जॉन फ्लॅक्समन यांच्या वडिलांचा लंडनमध्ये हाच व्यवसाय होता व स्टॅफर्डशरचे नामांकित कुंभार-कारखानदार वेजवुड त्यांचे गिऱ्हाईक होते. त्रिशुळावरून देव ओळखावा (आपल्याला आधी शंकर आठवतो, ते सोडा), मूर्तीचे गाव मात्र तिच्या मातीला विचारावे.

विल्यम ड्यूसबरी यांनी १७५६च्या सुमारास डर्बीच्या कारखान्याचा कारभार हाती घेतला. तिथले पोर्सेलिन ‘सॉफ्ट पेस्ट’ जातीचे, म्हणजे अस्सल चिनी पोर्सेलिनची कृती न वापरता पांढऱ्या मातीत काचेसारखी द्रव्ये मिसळून बनवलेले होते. श्रीमंतांच्या मेजवानीत शेवटच्या गोड पदार्थांच्या वेळी टेबलावर पूर्वी साखरेच्या मूर्ती मांडत. त्यांची जागा अशा पोर्सेलिनच्या मूर्तींनी घेतली. पर्लवेअरचा वंश याहून साधा आहे. भाजून दळलेली चकमक आणि पांढरी माती यांपासून बनणाऱ्या क्रीमवेअरला पिवळसर झाक असे. ती मारण्यासाठी झिलईत किंचित कोबाल्ट घालण्याची युक्ती रूढ झाली, आणि ज्योसाया वेजवुड यांनी १७७९ मध्ये असे भांडे ‘पर्ल व्हाइट’ या नावाने बाजारात आणले. स्टॅफर्डशरमधील बर्स्लेम व आसपासच्या गावांतील कुंभारांनी पुढील अर्धशतकभर याच मातीत व्हीनस, नेपच्यून, अपोलो, डायना घडवले, आणि ते मध्यमवर्गीय घरांतील शेकोटीवरच्या फळीवर जाऊन बसले.

पर्लवेअरमध्ये वस्त्राच्या चुण्यांत किंवा पायथ्याच्या कोपऱ्यात, जिथे झिलई साचते तिथे, निळसर छटा दिसते. ही खूण पुस्तकी असली तरी तेवढ्यावर निर्णय देऊ नये, कारण डर्बीच्या आरंभीच्या काही मूर्तींच्या झिलईलाही निळी झाक आहे. विजेरीची परीक्षाही अर्धवटच उपयोगी पडते: पोर्सेलिनमधून प्रकाश झिरपतो आणि पर्लवेअरमधून झिरपत नाही हे खरे, पण मूर्तीचे धड जाड असते, म्हणून उजेड बोटे किंवा वस्त्राची कड अशा पातळ जागी पाहावा लागतो.

खरी साक्ष मिळते ती मूर्ती उलटी केल्यावर. डर्बीच्या मूर्ती भट्टीत मातीच्या छोट्या गोळ्यांवर उभ्या करत, आणि त्या गोळ्यांचे तीन किंवा चार काळपट ठसे तळावर कायमचे राहत. संग्राहक ज्यांना ‘पॅच मार्क’ म्हणतात ते हेच. शिवाय हवा बाहेर पडण्यासाठी मधोमध छिद्र असते, आणि १७७०नंतरच्या मूर्तींवर पुष्कळदा ओल्या मातीत कोरलेला नमुन्याचा क्रमांक सापडतो. डर्बीत पातळ केलेली माती प्लास्टरच्या साच्यात ओतत असल्याने मूर्तीची आतली बाजू बरीच गुळगुळीत निघते. स्टॅफर्डशरच्या कुंभाराने मात्र मातीची पोळी साच्याच्या दोन्ही अर्ध्यांत हाताने दाबून मग ते अर्धे जोडलेले असतात, त्यामुळे तळ उघडा असल्यास आत त्याच्या बोटांचे दाब आणि सांधा दिसतो. दोनशे वर्षांपूर्वीच्या अनामिक कारागिराचा अंगठा असा सापडला की मला मूर्तीच्या चेहऱ्यापेक्षा तिच्या पोकळीतच अधिक रस वाटू लागतो.

पायथ्याची घडणही निराळी असते, पण ती थोडक्यात सांगता येते: १७६०च्या दशकातील डर्बी मूर्तीला वळणदार, सोनेरी व हिरवट-निळ्या रेघांचा पायथा, तर पर्लवेअरला बहुधा चौकोनी चौथरा आणि सोन्याचा जवळपास अभाव. पर्लवेअरच्या बहुतेक मूर्तींवर कारखान्याची खूण नसते. उलट पोर्सेलिनवर खूण आहे म्हणून निर्धास्त होऊ नये; पॅरिसच्या सॅमसन कंपनीने एकोणिसाव्या शतकात जुन्या इंग्लिश मूर्तींच्या नकला खुणांसह बनवल्या, फक्त त्यांचे पोर्सेलिन कठीण (‘हार्ड पेस्ट’, म्हणजे अस्सल चिनी कृतीच्या) जातीचे होते.

नेपच्यूनचा त्रिशूळ धरलेला उंच हात दोन्ही प्रकारांत सर्वांत आधी मोडतो, आणि दुरुस्ती करणारा जोड लपवण्यासाठी भोवतालच्या चांगल्या भागावरही रंग चढवतो, तेव्हा पाहायची ती माती आणि झिलईच झाकली जाते. अशा नव्यासारख्या चकचकीत मूर्तीपेक्षा पायथ्याशी टवका उडालेली मूर्ती ओळखायला सोपी, कारण त्या टवक्यात पर्लवेअर खडूसारखे निस्तेज आणि बहुधा मळ शोषलेले दिसते, तर डर्बीच्या पोर्सेलिनचा भंग रवाळ, साखरेच्या खड्याची आठवण करून देणारा असतो.