न आलेल्या तापाची तयारी

"माका ताप नाय, खोकलो नाय, मगे ही काडी कशाक?" सावंतवाडीकडच्या आमच्या काकींनी मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन व्हायच्या आधी सिस्टरांना विचारलं. प्रश्न अगदी रास्त होता.

गुदद्वारात फिरवलेल्या त्या कापसाच्या काडीने कळतं ते आतड्यात कोणाचं बिऱ्हाड आहे एवढंच. ई. कोलाय, क्लेबसिएला हे जिवाणू तिथे एरवी गुण्यागोविंदाने राहतात. पण त्यांतल्या काहींकडे एनडीएम नावाचं एन्झाइम असतं. मेरोपेनेमसारख्या, अगदी गरजेलाच काढायच्या अँटिबायोटिकचा रेणू ते तोडून टाकतं. त्याचं जनुक बहुतेकदा डीएनएच्या एका सुट्या कड्यावर असतं, आणि ते कडं एक जिवाणू दुसऱ्याला, वेगळ्या जातीच्यालाही, देऊ शकतो. ज्याच्या पोटात हे चाललेलं असतं त्याला पत्ताही नसतो.

ऑपरेशननंतर आतड्याचा जोड गळला तर हेच जिवाणू पोटात आणि तिथून रक्तात उतरतात. त्यात केमोने पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असल्या तर अडवणार कोण? ताप चढल्यावर रक्ताचं कल्चर लावून, म्हणजे त्यातले जिवाणू वाढवून, कुठलं औषध लागू पडेल हे कळायला दोन-तीन दिवस जातात. इतका वेळ पेशंटकडे नसतो. काडीचा रिपोर्ट आधीच फाईलमध्ये असला, तर पहिल्या डोसपासूनच औषध विचार करून निवडता येतं. माझ्या मते या तपासणीचं खरं मोल हेच.

लॅबमध्ये ती काडी जिवाणू वाढवायच्या, अँटिबायोटिक मिसळलेल्या, रंग देणाऱ्या प्लेटवर ओढतात आणि 37 अंशांच्या आसपास रात्रभर ठेवतात. सकाळी ई. कोलायचे गुलाबी-लाल ठिपके दिसतात, क्लेबसिएलाचे निळे. जे उगवलं ते औषधाला बहुधा जुमानत नाही.

काकींचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला आणि घरात रडारड. त्यांच्याजवळ कुणी बसेना, वाळीत टाकल्यासारखं. मला फार वाईट वाटलं. जिवाणू बाळगणं म्हणजे आजार नव्हे. नुसत्या त्या रिपोर्टवरून अँटिबायोटिक देत नाहीत, ऑपरेशनही सहसा अडत नाही. खाट वेगळी करतात, सिस्टर हातमोजे आणि गाऊन घालतात. भेटायला येणाऱ्यांनी जाताना-येताना हात स्वच्छ करायचे, आणि खुशाल जवळ बसायचं.

अलीकडे घेतलेली अँटिबायोटिक्स आणि दवाखान्यातले मुक्काम यांनी असे जिवाणू असण्याची शक्यता वाढते. म्हणून कोकणातून परळच्या टाटा हॉस्पिटलला किंवा गोव्यात बांबोळीच्या मेडिकल कॉलेजला निघताना बायॉप्सीच्या कागदांबरोबर गोळ्यांच्या रिकाम्या स्ट्रिपाही पिशवीत टाका. काकींच्या कपाटात वेगवेगळ्या तीन निघाल्या.