दुर्मीळ माशीची ओळख (सातारा परिसर)

माश्या, डास, चिलटे हे कीटक डिप्टेरा गणात मोडतात. त्यांना उडण्यासाठी पंखांची एकच जोडी असते. मागच्या जोडीचे तोल सांभाळणाऱ्या संतोलकांत रूपांतर झालेले असते. या गणातील दीड लाखांच्या आसपास जातींचे वर्णन आजवर झाले आहे, त्यामुळे रानातून आणलेल्या एका माशीला नेमके नाव देणे हे चिकाटीचे काम ठरते.

सातारा जिल्ह्यात कास पठार, कोयनेचे खोरे आणि महाबळेश्वरचा डोंगरमाथा हे अशा संग्रहासाठी समृद्ध प्रदेश आहेत. कास पठार आणि कोयना अभयारण्य २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा यादीत आले. जांभ्याच्या सड्यावर गेंद आणि सीतेची आसवे फुलतात, त्या दिवसांत फुलांवरच्या माश्या हातजाळीने पकडता येतात. ओढ्याकाठच्या झाडीत मात्र तंबूसारखा मॅलेझ सापळा अधिक उपयोगी पडतो. संरक्षित क्षेत्रात वनविभागाची पूर्वपरवानगी लागते.

ओळखीचा पाया नमुन्याच्या मांडणीतच घातला जातो. सुई वक्षाच्या मध्यरेषेवर न टोचता किंचित उजवीकडे टोचतात, म्हणजे निदान डाव्या बाजूचे राठ केस शाबूत राहतात. अनेक कुलांत (एकमेकांशी नाते असलेल्या प्रजातींच्या मोठ्या गटांत) या केसांची संख्या आणि जागा यांवरच जाती वेगळ्या काढल्या जातात. साताऱ्याच्या घाटमाथ्यावरील पावसाळी दमट हवेत नमुन्याला बुरशी लवकर धरते, म्हणून तो ताबडतोब वाळवून बंद पेटीत ठेवावा. स्थळ, उंची, तारीख, संग्राहकाचे नाव आणि माशी कोणत्या फुलावर किंवा कशाजवळ होती हे सांगणारी चिठ्ठी त्याच सुईवर लावतात. चिठ्ठीशिवायचा नमुना कितीही देखणा असला तरी शास्त्रीय नोंदीसाठी जवळजवळ निरुपयोगी असतो.

सूक्ष्मदर्शकाखाली प्रथम कुल ठरवतात. गांधीलमाशीसारखे पिवळे-काळे पट्टे असलेल्या फुलमाशीच्या पंखात मधोमध एक खोटी शीर दिसते. ती कोणत्याही मुख्य शिरेतून निघत नाही आणि कोणत्याही शिरेला जाऊन मिळत नाही. ही खूण सापडली की सिर्फिडी कुलाचा निर्णय बहुधा पक्का होतो. पुढे शृंगिका (डोक्यावरच्या मिशा), डोळ्यांमधील अंतर आणि पायांवरील केस तपासत प्रजातीपर्यंत, म्हणजे जवळच्या जातींच्या गटापर्यंत, पोहोचता येते. जातीचा निकाल मात्र बहुतेकदा नराच्या जननेंद्रियांवर लागतो. त्यासाठी उदराचे टोक पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या सुमारे १० टक्के द्रावणात ठेवतात. स्नायू विरघळून कठीण भाग स्वच्छ दिसू लागतात, आणि ते ग्लिसरीनमध्ये ठेवून सर्व बाजूंनी पाहता येतात. केवळ मादी मिळाली असेल, तर कित्येक प्रजातींत नाव अनिश्चित ठेवणेच प्रामाणिक ठरते.

छापील वर्णनाशी मेळ बसला तरी संशय उरल्यास मूळ प्ररूप नमुन्याशी (ज्यावरून त्या जातीचे पहिले वर्णन झाले त्या नमुन्याशी) तुलना करावी लागते, आणि भारतातील अनेक जुने प्ररूप लंडनच्या संग्रहालयात आहेत. एका पायातून काढलेल्या डीएनएतील सीओआय या जाती ओळखण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या जनुकाचा ६५८ आधारजोड्यांचा (डीएनएच्या साखळीतील दुव्यांचा) तुकडा मदतीला येतो; परंतु संदर्भसाठ्यात जुळणारा क्रम न मिळणे म्हणजे जाती नवीन असणे नव्हे, कारण त्या साठ्यात अनेक ज्ञात जातींचे क्रमही नाहीत.

‘दुर्मीळ’ हे विशेषणही जपूनच वापरावे. जी माशी वर्षातून थोडेच दिवस उडते किंवा झाडांच्या शेंड्यांवर वावरते, ती संग्रहांत विरळ आणि निसर्गात विपुल असू शकते. जाती खरोखरच नवीन ठरल्यास जैविक विविधता अधिनियम, २००२ नुसार तिची माहिती देऊन नमुना अधिकृत संग्रहात जमा करावा लागतो. प्राण्यांसाठी भारतीय प्राणी सर्वेक्षण ही अशी संस्था असून तिचे पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आहे.