मुलांच्या शर्यतीच्या क्वाड बाईकची बिगरहंगामी देखभाल

शर्यतींचा एक हंगाम संपल्यानंतर आणि पुढचा सुरू होण्यापूर्वी लहान मुलांच्या चारचाकी शर्यतगाडीची केली जाणारी संपूर्ण तपासणी, दुरुस्ती आणि साठवण. हंगाम चालू असताना दोन शर्यतींच्या मधे फिल्टर धुणे, चेन ताणणे, नट आवळणे एवढ्यालाच वेळ मिळतो. इंजिन उघडणे, बेअरिंग बदलणे, शॉक अ‍ॅब्सॉर्बर सोडवणे ही कामे या सुटीतच निवांतपणे होतात.

सुझुकीने १९८०च्या दशकात मुलांसाठी एलटी५० ही ५० सीसीची क्वाड आणली. आज मुलांच्या शर्यतीत साधारण ५० ते ९० सीसीची इंजिने दिसतात. त्यांपैकी बरीच टू-स्ट्रोक, म्हणजे पेट्रोलसोबत तेल जाळणारी, असतात आणि अनेकांत गिअरऐवजी पट्ट्यावर चालणारे स्वयंचलित प्रेषण असते. गाडी लहान असली तरी तिच्यावरचा ताण लहान नसतो. छोटे इंजिन जवळजवळ सतत पूर्ण थ्रॉटलवर (वेग वाढवायची कळ पूर्ण दाबून), मिनिटाला खूप जास्त फेरे घेत चालते. म्हणून त्याचे आयुष्य किलोमीटरमध्ये न मोजता तासांत मोजतात, आणि तास नोंदवणारे मीटर नसेल तर सरावाची व शर्यतींची वही ठेवावी लागते.

मोठ्यांच्या गाडीपेक्षा ही देखभाल वेगळी ठरते ती एका अडचणीमुळे. प्रौढ स्वार ‘पुढचं चाक उजवीकडे ओढतंय’ असे येऊन सांगतो. सात-आठ वर्षांचे मूल तसे सांगत नाही. गाडी जशी वागते तशीच ती असते असे धरून ते चालवत राहते आणि दोष असेल तर हँडल तिरके धरून तो सांभाळून घेते. दुसरीकडे, मोठ्या माणसाने ती चालवून पाहावी तर त्याचे वजन त्या चौकटीला आणि स्प्रिंगांना पेलणारे नसते. तेव्हा जो दोष स्वारीत कळला असता, तो गाडी स्टँडवर चढवून हातानेच शोधावा लागतो.

पहिले काम धुण्याचे. चिखलाखाली तडा दिसत नाही. मात्र जोराचा फवारा बेअरिंगच्या सीलवर, चेनवर किंवा एअरबॉक्सच्या (हवेचा फिल्टर असलेल्या पेटीच्या) तोंडावर मारू नये. पाणी आत शिरते, ग्रीस धुऊन निघते आणि महिनाभर उभ्या गाडीत गंज धरतो. धुतल्यावर प्लास्टिकचे भाग उतरवून चौकट उघडी करतात. ए-आर्म (पुढचे चाक धरणारे त्रिकोणी दांडे) जिथे चौकटीला जोडलेले असतात तिथले वेल्डिंग, फूटपेग (पाय ठेवायची खुंटी) व नर्फ बारचे (बाजूच्या संरक्षक दांड्यांचे) आधार आणि शॉकचे वरचे कान, म्हणजे शॉक बोल्टने अडकवायच्या पट्ट्या, या जागा प्रखर उजेडात बघाव्यात. रंगावरची केसाएवढी रेघ किंवा त्यातून झिरपलेला गंजाचा डाग ही तड्याची पहिली खूण असते. कान तुटला की चाकच निखळू शकते, म्हणून या तपासणीत घाई करू नये.

मग खेळ, म्हणजे सांध्यांतील ढिलाई. पुढचे चाक वर-खाली धरून हलवले तर बॉल जॉईंट, चाकाचे बेअरिंग आणि ए-आर्मचे बुश यांची झीज कळते. डावी-उजवीकडे हलवले तर टाय रॉडची (स्टिअरिंग चाकांना जोडणाऱ्या दांड्यांची) टोके व स्टिअरिंगचा खांब यांची. कोणता सांधा डुगडुगतो हे एका हाताने चाक हलवत दुसऱ्या हाताची बोटे सांध्यावर ठेवली की लगेच कळते. मागचा अ‍ॅक्सल (मागची दोन चाके जोडणारा दांडा) चेन काढून मोकळा करावा आणि हाताने फिरवावा. खरखर जाणवली तर बेअरिंग गेले. अ‍ॅक्सल वाकला आहे का तेही याच फिरवण्यात दिसते. टाय रॉड बदलला की चाकांची दिशा पुन्हा मोजून लावावीच लागते.

टू-स्ट्रोक इंजिनात पिस्टन आणि रिंगा या झिजणाऱ्याच वस्तू समजाव्यात. कॉम्प्रेशन गेजने थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून दाब मोजतात. एका आकड्यापेक्षा त्याच इंजिनाच्या आधीच्या नोंदीशी केलेली तुलना अधिक बोलकी असते. पिस्टनच्या बाजूंवर उभे ओरखडे दिसले तर बहुधा फिल्टरमधून धूळ आत गेलेली असते किंवा तेलाचे मिश्रण चुकलेले असते. नुसता पिस्टन बदलून कारण तसेच सोडले, तर नवाही तसाच जातो. पट्ट्याच्या गाडीत पट्ट्याची रुंदी निर्मात्याच्या पुस्तिकेतील मर्यादेशी ताडून बघावी, कडेला चकाकी किंवा चिरा आहेत का पाहावे. पट्ट्याच्या पुलीतले रोलर झिजून सपाट झाले असतील तर सुरुवातीचा झपाटा कमी होतो, आणि पालक उगाचच इंजिनाला दोष देत बसतात.

ब्रेकचे द्रव हवेतील ओलावा शोषते, त्यामुळे ते दर हंगामाला बदलणे उत्तम. थ्रॉटलची केबल सोडलेल्या क्षणी झटकन परतली पाहिजे. कार्बोरेटर वा केबल काढली असेल तर वेग रोखणारा स्क्रूही (मर्यादक) पुन्हा लावून तपासावा. अमेरिकेत सहा वर्षांवरील मुलांच्या सामान्य क्वाडला मर्यादक लावलेला असताना ताशी सुमारे १६ किमी आणि काढल्यावर सुमारे २४ किमी एवढीच वेगमर्यादा आहे. शर्यतीच्या गाड्या याहून वेगवान असतात, म्हणून नव्या स्वारासाठी तो स्क्रू अधिकच महत्त्वाचा. दोरीचा किल स्विच, म्हणजे स्वार पडला की दोरी ओढली जाऊन इंजिन बंद करणारा स्विच, गाडी स्टँडवर चालू असताना दोरी ओढून बघावा. इंजिन तत्क्षणी बंद पडले नाही, तर गाडी बाहेर काढू नये.

आणखी एक काम मोठ्यांच्या गाडीत जवळजवळ नसतेच, ते म्हणजे मुलाची पुन्हा मापे घेणे. काही महिन्यांत मूल उंच होते, वजन वाढते. स्वार बसल्यावर शॉक किती दबतो ते मोजून स्प्रिंगचा ताण बदलावा लागतो, कधी स्प्रिंगच बदलावी लागते. हँडल, ब्रेकच्या लिव्हरचे अंतर, हेल्मेट आणि बूट हेही याच वेळी पाहावे. वाढत्या वयाला पुरेल म्हणून मोठे हेल्मेट घेणे धोक्याचे आहे, कारण सैल हेल्मेट आपटताना डोक्यावर फिरते.

साठवताना कार्बोरेटर पूर्ण रिकामा करतात. जुने पेट्रोल त्याच्या बारीक जेटमध्ये (पेट्रोल जाण्याच्या छिद्रांत) चिकटा धरते; इथेनॉलमिश्रित पेट्रोल पाणीही ओढून घेते. स्पार्क प्लगच्या छिद्रातून थोडे साठवणीचे तेल सोडून इंजिन हाताने फिरवावे, सायलेन्सरचे तोंड बोळ्याने आणि एअरबॉक्सचे तोंड कापडाने झाकावे. उंदीर फोमच्या फिल्टरमध्ये घर करतात आणि वायरी कुरतडतात. चाके जमिनीपासून उचललेली असली म्हणजे टायर एका बाजूने चपटे होत नाहीत.

हंगामाआधी बोळा आणि कापड काढून ताजे पेट्रोल भरतात. नवा पिस्टन असेल तर इंजिन दोन-तीनदा गरम करून पूर्ण थंड होऊ देतात. मग मूल मोकळ्या मैदानावर सावकाश काही फेऱ्या मारते, मोठी माणसे कडेला उभी राहून चाकांकडे बघतात, आणि गाडी परत आली की चाकांचे व अ‍ॅक्सलचे नट टॉर्क पान्याने पुन्हा तपासले जातात. नवीन बसवलेला सांधा पहिल्या धावेनंतर थोडा बसतो, आणि ढिला पडायचा नट बहुतेकदा तेव्हाच ढिला पडतो.