प्राण्यांचा वेग

प्राण्याने ठरावीक वेळात कापलेले अंतर म्हणजे त्याचा वेग. तो ताशी किलोमीटर किंवा सेकंदाला मीटर या मापात सांगतात. व्याख्या सोपी आहे, मोजणी मात्र कठीण. ‘सर्वांत वेगवान प्राणी कोणता?’ हा प्रश्न शाळेपासून विचारला जातो. पण धावताना, पोहताना की उडताना, किती अंतरापर्यंत, आणि तो वेग कोणी व कशाने मोजला, हे ठरल्याशिवाय त्याला खरे उत्तर नाही.

मुंबईत भरधाव प्राणी जवळून पाहायचा तर महालक्ष्मीचे रेसकोर्स गाठावे. येथे होणारी इंडियन डर्बी २,४०० मीटरची असते. जिंकणारा घोडा हे अंतर साधारण अडीच मिनिटांत कापतो, म्हणजे पाठीवर जॉकी घेऊन सरासरी ताशी ५७-५८ किमी. सकाळच्या सरावाला कठड्याशी उभे राहिल्यास टापांबरोबर एक फुरफुर ऐकू येते, आणि ती टापांच्या ठेक्यातच असते. चौखूर धावणारा घोडा दर झेपेला एकच श्वास घेतो. पाय आणि फुप्फुसे एकाच तालावर चालतात. चौखूर धावताना एक क्षण चारही खूर जमिनीपासून सुटलेले असतात. हे डोळ्यांना दिसत नाही. १८७८ साली एडवर्ड मायब्रिज यांनी ओळीने कॅमेरे मांडून छायाचित्रे घेतली, तेव्हा त्या क्षणी पाय ताणलेले नसून पोटाखाली गोळा झालेले असतात हे कळले. तोवरच्या चित्रकारांनी ते उलटेच रंगवले होते.

जमिनीवर चित्ता सर्वांत वेगवान, याबद्दल वाद नाही. वाद आहे तो आकड्याचा. ताशी ११० ते १२० किमी हा आकडा सर्रास छापला जातो. प्रत्यक्ष मोजमापे त्याहून खाली आहेत. अमेरिकेतील सिनसिनाटी प्राणिसंग्रहालयातल्या सारा नावाच्या मादीने २०१२ साली १०० मीटर अंतर ५.९५ सेकंदांत कापले, म्हणजे सरासरी ताशी सुमारे ६० किमी. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बोट्स्वानातील जंगली चित्त्यांच्या गळ्यात मापनयंत्राचे पट्टे बांधले होते. त्यांत सर्वाधिक वेग ताशी ९३ किमी भरला, पण बहुतेक धावा याच्या जवळपासही गेल्या नाहीत: धावांतील कमाल वेगाची सरासरी ताशी ५४ किमीच्या आसपास आणि धाव सरासरी १७३ मीटरची. शिकार साधते ती वेग झटक्यात वाढवून, तितक्याच झटक्यात कमी करून आणि वळण घेऊन. कमानीसारखा वाकणारा कणा, जमिनीत रुतणारी नखे आणि तोल सांभाळणारी लांब शेपूट या कामी येतात. माझ्या मते चित्त्याचे खरे कौतुक या वळण्यात आहे, आणि तेच छापील आकड्यात हरवते.

बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातला बिबट्या यापेक्षा बराच सावकाश. तो दबा धरून काही पावलांवर येतो, मग झेपावतो. लांब पाठलाग त्याला करावाच लागत नाही. हत्तीचा मोजलेला वेग ताशी सुमारे २५ किमी आहे. आकार वाढला की वेग वाढतो, पण एका मर्यादेपर्यंतच. फार जड शरीराला पूर्ण वेग गाठायला वेळ लागतो आणि स्नायूंतली झटपट वापरायची ऊर्जा त्याआधीच संपते. म्हणून वेगाचा मान मध्यम आकाराच्या प्राण्यांकडे जातो.

पाण्यातले आकडे अधिक फसवे. सेलफिश हा मासा ताशी ११० किमी वेगाने पोहतो, असे वर्षानुवर्षे लिहिले गेले. याचे मूळ फ्लोरिडातल्या एका मासेमारी तळावर आहे: गळाला लागलेल्या माशाने तीन सेकंदांत सुमारे ९१ मीटर दोरी ओढली, एवढाच पुरावा. २०१६ साली स्नायूंच्या आकुंचनावरून केलेल्या हिशेबात त्याचा कमाल वेग ताशी ३० किमीच्या आसपास आला. पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट दाट असते, त्यामुळे हेही थोडे नव्हे. वेगवान माशाची घडण ससून डॉकवर हाताने तपासता येते. सुरमई किंवा कुपा घेताना शेपटीच्या देठावरून बोट फिरवावे: देठ बारीक आणि कडक, बाजूंना धारेसारखी उभारी, पुढे चंद्रकोरीसारखी ताठ शेपूट. शेजारच्या पाटीतला मऊ, लिबलिबीत बोंबील हातात घेतला की फरक लगेच कळतो.

सर्वांत मोठा आकडा बहिरी ससाण्याचा. उंचावरून सूर मारताना तो ताशी ३०० किमीच्या पुढे जातो. यात गुरुत्वाकर्षणाचा मोठा वाटा असतो. सपाट उड्डाणात त्याचा वेग बराच कमी असतो. हिवाळ्यात मुंबईच्या उंच इमारतींच्या कठड्यांवर तो दिसतो, कारण येथे कबुतरांना तोटा नाही. लांब पल्ल्याचा मान मात्र पाणटिवळ्यांकडे, म्हणजे किनाऱ्यावरच्या लांब चोचीच्या स्थलांतरी पक्ष्यांकडे, जातो. २०२२ साली पट्टेरी शेपटीच्या पाणटिवळ्याचे एक पिल्लू अलास्काहून टास्मानियाला ११ दिवसांत, वाटेत कोठेही न उतरता, १३,५६० किमी उडत गेले. सरासरी ताशी सुमारे ५० किमी, म्हणजे आपल्या डर्बीच्या घोड्याहूनही कमी, पण रात्रंदिवस.

शरीराच्या लांबीशी तुलना केली तर क्रमवारी पालटते. २००९ साली बर्लिनमध्ये १०० मीटर ९.५८ सेकंदांत धावलेला उसेन बोल्ट कमाल वेगाला सेकंदात स्वतःच्या उंचीच्या सहापट अंतर कापत होता. रात्री दिवा लावताच ओट्याखाली नाहीसे होणारे मोठे तांबूस झुरळ सेकंदाला दीड मीटर, म्हणजे आपल्या लांबीच्या सुमारे ५० पट पळते. पूर्ण वेगात ते पुढचा भाग उचलून मागच्या दोन पायांवर धावते, हे प्रयोगशाळेत टिपले गेले आहे. कॅलिफोर्नियातील तिळाएवढी एक कोळीवर्गीय किडी सेकंदाला आपल्या लांबीच्या ३२२ पट अंतर कापते.

दुसऱ्या टोकाला गोगलगाय. पावसाळ्यात मुंबईच्या बागांत मोठी आफ्रिकी गोगलगाय सर्वत्र दिसते. तिला एकच रुंद पाय असतो. ती काचेवर असताना पलीकडून पाहिले, तर त्या पायावर लाटा एकामागून एक सरकताना दिसतात, आणि सेकंदाला एखाद-दोन मिलिमीटर या गतीने ती चिकट स्रावावरून पुढे जाते. रात्रभर न थांबता चालली तरी ती पन्नासएक मीटरच जाईल; सकाळी कुंपणाच्या भिंतीवर वाळलेली चमकती रेघ तर काही मीटरांचीच असते.