संथ पाणी संथ का असतं?

नाशिककराला नदी वाचायला शिकवावं लागत नाही, असा आपला समज. पूर आला की गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागलं की छातीला, यावरून आपण घरबसल्या अंदाज बांधतो. पण स्वतः वल्हं घेऊन छोट्या नावेत बसायचं म्हटलं की हे मोजमाप कामाला येत नाही. पुराच्या पाण्यात शहाणा माणूस उतरतच नाही. फसगत होते ती संथ पाण्यात.

म्हणून कुठलंही पाणी निवडताना मी आधी एकच गोष्ट बघतो : हे पाणी संथ आहे ते कशामुळे? पात्र रुंद आहे, उतार कमी आहे म्हणून संथ असेल तर उत्तम. पुढे कुणीतरी अडवलंय म्हणून संथ असेल, तर थांबायचं.

आपल्या जिल्ह्यात कोल्हापूर पद्धतीचे बंधारे पुष्कळ. पावसाळा सरला की त्यांच्या गाळ्यांत फळ्या बसवतात आणि मागे पाणी आरशासारखं तुंबतं. नवख्याला यापेक्षा छान जागा सुचणार नाही. पण दोन फळ्यांच्या फटीतून पाणी जोरात ओढलं जात असतं आणि वर त्याचा पत्ता नसतो. बंधारा भरून वाहत असेल तर प्रकरण आणखी वाईट. वरून पडणारं पाणी तळाशी जातं, थोडं पुढे उसळून वर येतं आणि त्यातलं बरंचसं पृष्ठभागावरून पुन्हा भिंतीकडेच वळतं. त्या फेऱ्यात सापडलेला माणूस गोल गोल फिरत राहतो. शिवाय तिथल्या फेसात हवा मिसळलेली असल्याने पाणी हलकं झालेलं असतं, त्यामुळे लाईफ जॅकेटही नेहमीसारखं तरंगवत नाही. पट्टीचा पोहणाराही तिथे हतबल होतो. वरच्या अंगाने येताना नावेतून यातलं काहीच दिसत नाही. दिसते ती फक्त पाण्याची एक सरळ आडवी रेघ आणि रेघेपलीकडे झाडांचे नुसते शेंडे. अशी रेघ दिसली की काठ गाठायचा.

तुंबलेल्या पाण्यात आणखी एक खास आपल्याकडची अडचण म्हणजे शेतकऱ्यांच्या मोटारी, त्यांचे दोर आणि केबली. पाणवेलीखाली त्या दिसत नाहीत.

वाहतं पाणी जोखायला काडी पुरते. काठावर दहा मीटर मोजायचे, बाभळीची वाळकी काडी मध्यावर फेकायची आणि सेकंद मोजायचे. वीस सेकंद लागले तर वेग ताशी 1.8 किलोमीटर. हौशी माणूस ताशी चार-पाच किलोमीटरने वल्हवतो, म्हणजे उलट दिशेने परत येता येईल. काडी आठ सेकंदांत गेली तर वेग साडेचार. मग तुम्ही घाम गाळाल आणि काठावरचं तेच झाड बघत बसाल. काडी मध्यावरच टाकायची, कारण काठाशी आणि तळाशी घर्षणामुळे पाणी हळू असतं. वळणावर बाहेरच्या अंगाला ते जोरात धावतं आणि आतल्या अंगाला रेंगाळतं, वाळू साठते ती आतच.

वेग दुप्पट झाला की पाण्याचा रेटा चौपट होतो. कंबरभर पाण्यात उभ्या माणसाच्या पायांवर सेकंदाला एक मीटर वेगाचं पाणी ढोबळमानाने बारा-तेरा किलो वजनाइतकं ढकलतं, दोन मीटर वेगाचं पन्नास किलोइतकं. म्हणजे जवळजवळ सिमेंटची गोणी.

काडीने जोखलेला वेग तासाभरानेही तसाच राहील, असं मात्र समजू नये. नाशिकमध्ये ऊन असताना वर उगमाकडे त्र्यंबकला कोसळत असतं. उन्हाळ्यात तर आभाळ निरभ्र असतानाही धरणातून शेतीसाठीचं आवर्तन सुटलं की नदी चढते. बातमीतला ‘हजार क्युसेक विसर्ग’ म्हणजे दर सेकंदाला दहा हजार लिटरचे जवळपास तीन टँकर. धरणाखालच्या पात्रात उतरण्याआधी विसर्गाची चौकशी करायची.

उथळ म्हणजे सुरक्षित, हाही एक गैरसमज. नांदूर मध्यमेश्वरच्या बंधाऱ्यामागे शंभराहून जास्त वर्षांचा गाळ साठलाय. गाळात रुतलेला पाय ओढून काढताना दुसरा आणखी खोल जातो. तसंही 2020 पासून ते रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे, हिवाळ्यात तिथे पाहुण्या पक्ष्यांचा मुक्काम असतो. तिथे आपण काठावरूनच दुर्बीण लावावी.

राहता राहिली धरणांची जलाशयं, आणि माझा कौल त्यांनाच. गंगापूरला बोट क्लब आहे. इतरत्र मात्र परवानगी विचारल्याशिवाय उतरू नये. जलाशयात ओढ नसते, वारा असतो. रात्री जमीन थंड होते तेव्हा तिच्यालगतची हवाही थंड, जड होऊन बसते आणि वरचा वारा वरच राहतो. ऊन चढलं की हवा घुसळली जाते, वरचा वारा खाली उतरतो. त्याला मोकळं पाणी जितकं लांब मिळेल तितक्या लाटा मोठ्या. आपल्याकडे तो बहुतेकदा पश्चिमेचा. म्हणून पहाटे शहराच्या बाजूने निघून आधी पश्चिमेला जायचं, म्हणजे परतताना वारा पाठीशी असतो.

एकदा मी उलटं केलं होतं. सकाळी वाऱ्याची झुळूकही नव्हती, निघालो पूर्वेला. अकराच्या सुमारास परत फिरलो तर नावेचं नाक सरळ राहीना, वल्ह्याचं पाणी तोंडावर उडत होतं. जाताना जे अंतर अर्ध्या तासात कापलं होतं, त्याला येताना पावणेदोन तास लागले.