शटर जड झालंय? स्प्रिंग बदलायची वेळ कशी ओळखावी

शटर जड झालं की बहुतेक गाळेधारक दोनपैकी एक गोष्ट करतात: गाइडमध्ये (शटर ज्यात सरकतं त्या दोन्ही बाजूंच्या खाचांत) ऑइल ओततात, नाहीतर दुकानातल्या सर्वात धट्ट्याकट्ट्या पोऱ्याला उचलायला लावतात. दोन्हींनी काही महिने निभतं. पण जड शटर म्हणजे स्प्रिंग गेली असं दरवेळी नसतं, आणि हलकं चालतंय म्हणजे स्प्रिंग ठीक आहे असंही नसतं. दुरुस्तीवाल्याला बोलावण्याआधी हा फरक घरच्या घरी कळू शकतो. त्यासाठी हे माहितीपत्रक.

स्प्रिंग करते काय

हाताने वर ढकलायच्या शटरला वरच्या डब्यात आडवा पाइप असतो. तो दोन्ही बाजूंच्या ब्रॅकेटवर क्लॅम्पने आवळलेला असतो, फिरत नाही. फिरतात त्या पाइपवरच्या पुल्या, आणि पट्ट्यांचा पडदा या पुल्यांना बोल्टने जोडलेला असतो. स्प्रिंगचं एक टोक पाइपला, दुसरं पुलीला. शटर खाली ओढलं की पुली फिरते आणि स्प्रिंगला पीळ बसतो. वर जाताना तोच पीळ सुटत जातो आणि वजन उचलतो.

हे वजन किती, याचा अंदाज असावा. १.२५ मिमी जाड लोखंडी पत्रा चौरस मीटरला ९.८ किलो भरतो. ८ बाय ८ फुटांचं शटर म्हणजे जवळपास ६ चौरस मीटर, म्हणजे नुसत्या सपाट पत्र्याचेच ५८ किलो. पट्ट्यांच्या वळवलेल्या कडा, टोकांची लॉकं आणि बॉटम पट्टी धरली की आकडा ७०च्या वर जातो. स्प्रिंगा चांगल्या असतील तर यातला थोडाच भाग तुमच्या हाताला लागतो.

किती वर्षं टिकते, यापेक्षा किती वेळा उघडझाप होते हे महत्त्वाचं. गॅरेजच्या दरवाज्यांच्या स्प्रिंगांसाठी कारखानदार साधारण १०,००० उघडझापींचा हिशेब धरतात. आपल्याकडच्या शटर-स्प्रिंगवर असा आकडा छापून येत नाही, पण मापदंड म्हणून तो चालतो. सकाळी एकदा आणि दुपारच्या सुट्टीनंतर एकदा उघडणाऱ्या दुकानाचं वर्षाला ७३० वेळा होतं, म्हणजे तेरा-चौदा वर्षं. दिवसाला १५ वेळा उघडणाऱ्या गोदामाची तीच स्प्रिंग दोन वर्षांच्या आतच तिथे पोचते. मुंबईत यात गंजाची भर पडते. वरळी, माहीम, वर्सोवा अशा समुद्राजवळच्या भागात खारी हवा तारेला बारीक खड्डे पाडते, आणि तार तुटायला सुरुवात होते ती अशाच एखाद्या खड्ड्यापासून.

काटा लावून पाहा

प्रवासाच्या बॅगा तोलायचा लटकता काटा घ्या, ५० किलोपर्यंतचा पुरे. आधी दोन्ही गाइड कोरड्या कापडाने पुसून काढा, तळाशी साचलेली माती उकरून काढा. शटर कंबरेइतक्या उंचीवर आणा. काटा बॉटम पट्टीच्या मधल्या कडीत अडकवून हळूहळू वर खेचा आणि शटर सरकत असताना दिसेल तो आकडा लिहून ठेवा. मग त्याच जागेवरून खाली ओढा, तोही आकडा लिहा. माप घेताना पाय बॉटम पट्टीच्या रेषेबाहेर ठेवा.

समजा वर खेचताना १८ किलो आणि खाली ओढताना १६. दोन्हींची बेरीज ३४, तिचे निम्मे १७ किलो गाइडमधलं घर्षण. वजाबाकी २, निम्मा १ किलो, एवढाच भार स्प्रिंगने सोडलाय. स्प्रिंग ठणठणीत आहे, गाइड साफ करा, वाकलं असेल तर सरळ करून घ्या. उलट, वर २६ आणि खाली ६ आले तर घर्षण १६ आणि स्प्रिंगने सोडलेला भार १० किलो. दोन्ही शटरं हाताला जडच लागतील, पण दुखणं वेगळं.

यात एक फसवणूक आहे. "अर्ध्यावर सोडलं तरी शटर टिकतं, म्हणजे स्प्रिंग चांगली" असं सगळे सांगतात. घाण गाइड थकलेल्या स्प्रिंगचं शटरही अर्ध्यावर धरून ठेवतं. मग कुणीतरी गाइडला ऑइल लावतं, घर्षण कमी होतं आणि काल टिकणारं शटर आज धाडकन खाली येतं. दोष ऑइलचा नसतो.

आमचा ठोकताळा असा: स्प्रिंगने सोडलेला भार ५ किलोपर्यंत असेल आणि तार स्वच्छ असेल तर पीळ एक फेरा वाढवून भागतं. तेच शटर तीन-चार महिन्यांत पुन्हा जड झालं तर स्प्रिंग थकली, आणखी फेरे देत बसू नये. १० किलोच्या पुढे गेलं तर सरळ बदला.

डोळ्यांना आणि कानांना कळणाऱ्या खुणा

शटर अर्धं वर घेऊन बॉटम पट्टीच्या दोन्ही टोकांची जमिनीपासूनची उंची मोजा. एक बाजू ठळकपणे खाली राहत असेल तर त्या बाजूची स्प्रिंग तुटली आहे किंवा दुसरीपेक्षा जास्त थकली आहे. (पट्ट्यांच्या टोकांची लॉकं तुटून पट्ट्या बाजूला सरकल्या तरी असंच दिसतं, म्हणून गाइडकडेही नजर टाका.) डब्याच्या फटीतून टॉर्च मारा. तारेचे वेढे सलग दिसायला हवेत, मध्येच इंच-दीड इंच फट दिसली तर तिथे तार तुटली आहे. शटरखालच्या फरशीवर तांबूस भुकटी पडत असेल तर ती बहुतेक वरून येते. शटर गुंडाळताना डब्यात खळखळ वाजत असेल तर तुटका तुकडा आत फिरतोय.

स्प्रिंगला सर्वात जास्त पीळ शटर पूर्ण बंद असताना असतो. त्यामुळे ती बहुधा तेव्हाच तुटते, आणि रात्री नीट लावलेलं शटर सकाळी कुलूप काढल्यावर हलतच नाही, ही तक्रार नेहमीची. अशा वेळी चार जणांनी पहार लावून उचलू नका. उचललंत तरी ते वर टिकणार नाही.

ज्या गाळ्यात रात्री कामगार शटर ओढून झोपतात आणि दुसरा दरवाजा नाही, तिथे हा प्रश्न नुसता सोयीचा राहत नाही. आग लागली आणि स्प्रिंग तुटलेली असली तर आतल्या माणसांना ७० किलोचं शटर उचलून बाहेर पडावं लागेल. तिथे थकलेली स्प्रिंग एक दिवसही चालवू नका.

स्प्रिंग नसून दुसरंच काही

क्लॅम्पचे नट ढिले झाले की पाइप स्वतःच थोडा फिरतो आणि स्प्रिंगचा पीळ वाया जातो. पाइपच्या टोकाजवळ क्लॅम्पच्या कडेला ताजी, चकाकणारी घासलेली रेघ दिसली तर हेच झालंय, स्प्रिंग बदलायची गरज नाही. सडलेल्या खालच्या पट्ट्या बदलताना जाड गेजच्या बसवल्या तरी वजन वाढतं आणि जुनी स्प्रिंग अपुरी पडते. रुंद शटरचा पाइप मध्ये झुकला तर रोल डब्याला घासतो.

मोटर असेल तर जास्त सावध राहा. मधल्या पाइपवर बसणाऱ्या मोटरच्या शटरलाही स्प्रिंगा असतात. त्या थकल्या तरी मोटर गुपचूप ओढत राहते, आणि तक्रार येते ती मोटर तापून बंद पडल्यावर. महिन्यातून एकदा क्लचची (मोटर सुटी करणारी) दोरी ओढून शटर हाताने चालवून पाहा. बाजूला बसवून साखळीने पाइप फिरवणारी मोटर असेल तर तिथे बहुधा स्प्रिंगच नसते.

बदलताना

दोन स्प्रिंगांपैकी एक तुटली तरी दोन्ही बदलाव्यात, चार असतील तर चारही. नवी जोरात ओढते, जुनी मागे राहते, शटर तिरकं चालतं आणि पट्ट्यांची टोकं गाइडमध्ये घासतात. गिऱ्हाइकांशी आमचा सगळ्यात जास्त वाद याच मुद्द्यावर होतो, तरी आम्ही एकच बदलून देत नाही.

तुटलेलं टोक गॅसवर तापवून नवा हूक वळवणं किंवा तार वेल्डिंगने जोडणं, हे स्वस्तात करून देणारे भेटतात. तापवल्यावर त्या जागेचं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरतं आणि तार पुन्हा तिथेच किंवा जोडाच्या शेजारी तुटते.

काम दोन माणसांचं. रोल पूर्ण वर घेऊन दोरखंडाने तीन ठिकाणी बांधायचा, पाइप मोठ्या पाइप-पान्याने धरायचा, मगच क्लॅम्प ढिला करून उरलेला पीळ फेरे मोजत सोडायचा. न धरता नट सोडला तर पाइप गरकन फिरतो आणि त्यावर लावलेला पाना हाताचं हाड मोडू शकतो. म्हणून हे स्वतः करू नका, शिडीवर चढून तर मुळीच नाही. नव्या स्प्रिंगांना दोन्ही बाजूंना सारखेच फेरे द्यायचे आणि वर सांगितल्याप्रमाणे काट्याने तपासायचं. फेरे जास्त झाले तर शटर वर आपटतं आणि स्प्रिंग लवकर जाते.

केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याच्या दरसूचीत ८० मिमी रुंद, १.२५ मिमी जाड पट्ट्यांच्या शटरला २७.५ सेंमी लांबीच्या तारेच्या स्प्रिंगा धरल्या आहेत. १० चौरस मीटरच्या पुढच्या शटरला साखळीची यंत्रणा वेगळी आकारली जाते. तुमचं शटर त्याहून मोठं असून हातानेच चालवत असाल तर स्प्रिंगा वारंवार बदलण्यापेक्षा साखळी बसवणं शहाणपणाचं.

देखभाल फारशी नाही. मे महिन्यात, पावसाआधी, स्प्रिंगांवर ग्रीसचा पातळ हात द्यावा. दसऱ्याची साफसफाई निघते तेव्हा पुन्हा एकदा पाहावं. गाइडमध्ये ग्रीस नको, मुंबईची धूळ त्यात बसून खरकागद होतो. तिथे मेणबत्तीचं मेण घासलेलं बरं. जळकं इंजिन ऑइल वापरू नका, ते गिऱ्हाइकांच्या कपड्यांवर ठिबकतं. दुकानाची पाटी बदलताना डब्याचा पत्रा बहुतेक वेळा निघतोच, त्याच दिवशी स्प्रिंगा पाहून घ्या. नवी पाटी अशी ठोकू नका की पुढे डबा उघडताच येणार नाही. पाटीमागून पाणी झिरपत असेल तर ती फट आधी बुजवा.

फोन करताना शटरची रुंदी आणि उंची फुटांत, काट्याचे दोन्ही आकडे, स्प्रिंगा किती आहेत आणि दिवसातून किती वेळा उघडझाप होते, एवढं सांगा. डब्याचा आतून काढलेला फोटो पाठवलात तर तारेची जाडी आणि वळणाची दिशा, डावी की उजवी, यांचा अंदाज येतो आणि योग्य स्प्रिंग पहिल्याच फेरीत सोबत आणता येते. काम झाल्यावर जुन्या स्प्रिंगा मागून घ्या. बिलावर स्प्रिंगांची संख्या, लांबी, तारेची जाडी आणि दिलेले फेरे लिहून घ्या. पुढच्या वेळी कोणीही कारागीर आला तरी त्याला ते उपयोगी पडेल.