दलाल स्ट्रीटपासून कोल्हापूरपर्यंत: राष्ट्रीय शेअर बाजाराची पार्श्वभूमी

पुकारून भाव कसा ठरतो, हे कोल्हापूरकराला शिकवावे लागत नाही. गुळाचे सौदे निघतात तेव्हा रवे, म्हणजे गुळाच्या ढेपा, समोर असतात, अडते आणि खरेदीदार तिथेच उभे असतात, बोली सगळ्यांच्या कानावर पडते. शेअरची बोली मात्र लागायची मुंबईत दलाल स्ट्रीटवर, १८७५ पासून चालत आलेल्या मुंबई शेअर बाजाराच्या रिंगणात. इथला माणूस उपदलालाकडे ऑर्डर द्यायचा, फोन लागेपर्यंत थांबायचा आणि नंतर कळेल तो भाव मान्य करायचा. सौदा नेमका किती वाजता आणि कितीला झाला, हे पडताळायला त्याच्या हाती काही नसे. पुढे कागदी प्रमाणपत्रांची ये-जा. सही जुळली नाही की 'बॅड डिलिव्हरी' म्हणून सगळे परत. लहान गुंतवणूकदारावर हा उघड अन्याय होता.

देशव्यापी नवा बाजार उभारावा, अशी शिफारस एम. जे. फेरवानी समितीने १९९१ मध्येच केली होती. १९९२ च्या एप्रिलमध्ये दलाल हर्षद मेहताचा शेअर घोटाळा बाहेर आला आणि सुधारणा लांबवणे अवघड झाले. आयडीबीआय या औद्योगिक विकास बँकेच्या पुढाकाराने वित्तसंस्था एकत्र आल्या, नोव्हेंबर १९९२ मध्ये राष्ट्रीय शेअर बाजाराची (एनएसई) कंपनी स्थापन झाली, एप्रिल १९९३ मध्ये शेअर बाजार म्हणून मान्यता मिळाली. पहिले व्यवस्थापकीय संचालक होते डॉ. आर. एच. पाटील. जून १९९४ मध्ये कर्जरोख्यांचे आणि ३ नोव्हेंबर १९९४ ला शेअरचे व्यवहार सुरू झाले.

दोन गोष्टी मुळापासून बदलल्या. पहिली, मालकी दलालांकडे ठेवली नाही. सौदे करणारे वेगळे, बाजार चालवणारे वेगळे. दुसरी मला अधिक मोलाची वाटते. रिंगणच नव्हते. उपग्रहाने जोडलेल्या पडद्यावर आधी भाव आणि मग वेळ या क्रमाने ऑर्डर जुळत. दलालाच्या छतावर तबकडी बसली की त्या गावातली ऑर्डर मुंबईच्या ऑर्डरबरोबर एकाच रांगेत उभी राहायची. साधारण वर्षभरातच उलाढालीत हा बाजार मुंबई शेअर बाजाराच्या पुढे गेला. मुंबई शेअर बाजारानेही १९९५ मध्ये पडदा स्वीकारला.

एप्रिल १९९६ मध्ये निफ्टी, म्हणजे या बाजारातल्या पन्नास मोठ्या कंपन्यांच्या भावांवरून काढलेला निर्देशांक, आला. ३ नोव्हेंबर १९९५ ची पातळी त्यासाठी १००० धरली होती. त्याच महिन्यात बाजाराच्या क्लिअरिंग कंपनीने, म्हणजे सौद्यांचे पैसे आणि शेअर पोचते करणाऱ्या कंपनीने, काम सुरू केले. या व्यवहारपूर्तीची हमीही तिने घेतली, म्हणजे समोरचा बुडाला तरी आपले पैसे सुरक्षित. वर्ष सरता सरता डिमॅट, म्हणजे कागदाऐवजी संगणकावरच्या खात्यात शेअर ठेवण्याची सोय, आले आणि सही न जुळण्याचा जाच संपत गेला. २००३ मध्ये व्यवहारपूर्ती दोन दिवसांवर आली, जानेवारी २०२३ पासून एका दिवसावर.

१२ जून २००० ला निर्देशांकाचे फ्युचर्स, म्हणजे पुढच्या तारखेचा सौदा आजच्या ठरलेल्या भावाने करण्याचे करार, सुरू झाले, वर्षभराने ऑप्शन्स, म्हणजे असा सौदा करण्याचा फक्त हक्क देणारे करार. इथे मन अस्वस्थ होते. तबकडीची जागा आता खिशातल्या मोबाइलने घेतली आहे आणि राजारामपुरीतला कॉलेजचा मुलगाही चहा पिता पिता ऑप्शन घेऊ शकतो. शेअर बाजारांची नियामक संस्था सेबी हिच्या सप्टेंबर २०२४ च्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समधल्या ९३ टक्के वैयक्तिक गुंतवणूकदारांना तोटा झाला. एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक. त्यानंतर सेबीने प्रत्येक बाजाराला एकाच निर्देशांकाचे साप्ताहिक, म्हणजे आठवड्याने संपणारे, करार ठेवायची मुभा दिली आणि नव्या करारांचे किमान मूल्य १५ लाख रुपये केले.